एका रबरी रिंगची शोधयात्रा

घरातला प्रेशर कुकर भांड्यामुळे बाद झाला, असे सहसा होत नाही. जाड बुडाचे ते भांडे दोन पिढ्या टिकते. कुकर अडतो तो झाकणातल्या रबरी रिंगपाशी. रिंग सैल पडली की वाफ कडेने फुसफुसत जाते, शिट्टी होत नाही आणि भात कच्चा राहतो. मग ती रिंग थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवून आणखी आठवडाभर गाडी ढकलली जाते आणि शेवटी कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानातून नवी आणली जाते. प्रश्न मिटतो.

पण समजा, त्या मापाची रिंग कुठेच मिळाली नाही तर? कुकर बनवणारी कंपनीच बंद झाली असेल तर? भांडे धडधाकट, झाकण धडधाकट. पण रबराच्या एका वळ्यापायी सगळे भंगारात. गेली दीड वर्षे मी नेमक्या अशाच एका वळ्याच्या मागे हिंडलो. फरक इतकाच, की माझे यंत्र कुकर नव्हते. ते होते होडीच्या मागे लावायचे, साठीच्या पुढे गेलेले एक आउटबोर्ड मशीन.

आउटबोर्ड म्हणजे काय, हे आता बहुतेकांनी पाहिलेले असते. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, तेव्हा दूरदर्शनच्या पडद्यावर रबरी बोटी दिसत होत्या. त्या बोटींच्या मागच्या फळीवर अडकवलेले, खाली पंखा असलेले आणि मूठ धरून वळवता येणारे जे इंजिन होते, तेच आउटबोर्ड. काम झाले की काढून खांद्यावर टाकता येते. त्यासाठी होडीला भोक पाडावे लागत नाही की तिच्या पोटातली जागा अडत नाही.

या यंत्राला लोकप्रिय केले ते ओल एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या कारागिराने. त्याची एक गोष्ट सांगितली जाते. मिलवॉकी शहराजवळच्या तळ्याकाठी सहलीला गेले असता त्याच्या मैत्रिणीला, बेसला, आइस्क्रीम खावेसे वाटले. ओल होडी वल्हवत पलीकडे गेला, आइस्क्रीम घेऊन परत वल्हवत आला. पण तोवर उन्हात त्याचे पाणी झाले होते. गोष्टीत तिखटमीठ किती, ते सोडा. १९०९ साली त्याचे दीड हॉर्सपॉवरचे मशीन बाजारात आले, हे मात्र खरे. पुढे बेस त्याची पत्नी झाली आणि त्या मशीनची जाहिरात आणि विक्री तिनेच सांभाळली.

मामांचा समुद्रघोडा

माझ्या मामांकडे आहे ते एव्हिनरूडचे भावंड, जॉन्सन कंपनीचे साडेपाच हॉर्सपॉवरचे ‘सी-हॉर्स’. म्हणजे समुद्रघोडा. अमेरिकेत ते १९५०च्या दशकात बनले. मामा तेव्हा मुंबईच्या गोदीत नोकरीला होते. कुलाब्याच्या एका पारशी गृहस्थांनी आपली शिडाची होडी मोडीत काढली, तेव्हा हे मशीन मामांनी १९६८ साली विकत घेतले आणि बोटीने विजयदुर्गला आणले. वाघोटण खाडीच्या काठावर आमचे आजोळ. तिथे तोवर वल्ही आणि शीड यांखेरीज तिसरे काही नव्हते.

हौस म्हणून आणलेले मशीन लवकरच गावाचे झाले. रात्री कुणाला साप चावला, कुणी बाळंतीण अडली, की लोक मामांच्या अंगणात येऊन उभे राहत. ओहोटीला उलटे वल्हवत जायचे तर दीड तास लागे. मशीन लावले की वीस मिनिटांत पलीकडे. मामी म्हणत, “या घोड्याला माझ्या पोरांपेक्षा जास्त लोक ओळखतात.” पुढे रस्ते झाले, पूल झाले, गाड्या आल्या. घोडा पडवीत खुंटीला टांगला गेला. तरी दरवर्षी दिवाळीनंतर मामा तो उतरवत, पिंपात पाणी भरून त्यात पाच मिनिटे चालवत आणि पुन्हा टांगून ठेवत. पिंपात अशासाठी, की आउटबोर्ड कोरडे चालवायचे नसते. त्याच्या पंपातला रबरी पंखा पाण्याविना जळून जातो.

दीड वर्षापूर्वी दिवाळीला मामांनी दोरी ओढली. मशीन सुरू झाले, पण कार्बोरेटरखालून पेट्रोल ठिबकू लागले. मामांनी तत्काळ बंद केले. घरातल्या तरुण मंडळींचे मत पडले, की आता भंगारवाल्याला बोलवावे. मामा त्या वेळी ८४ वर्षांचे. ते एवढेच म्हणाले, “अरे, मशीन मेलेलं नाही. त्याचं रबर म्हातारं झालंय, माझ्यासारखं.” आणि माझ्याकडे पाहिले. मी मुंबईत राहतो, त्यामुळे ‘मुंबईत सगळं मिळतं’ हे सिद्ध करणे माझ्याकडे आले.

ठिबकणे म्हणजे आग

दोन थेंब पेट्रोलचे काय एवढे, असे वाटेल. जमिनीवरच्या स्कूटरखाली दोन थेंब पडले तर ते वाऱ्यावर उडून जातात. होडीची गोष्ट वेगळी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली होडीच्या तळाशी साचते, डोळ्यांना दिसत नाही आणि एका ठिणगीची वाट पाहत बसते. पाण्याच्या मधोमध होडीने पेट घेतला तर पळायचे कुठे? म्हणूनच गळका कार्बोरेटर घेऊन खाडीत जायचे नाही, हा मामांचा नियम साप चावलेल्या माणसासाठीसुद्धा मोडला गेला नव्हता.

कार्बोरेटरचे काम तसे समजायला सोपे आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत जसा तरंगता गोळा असतो, तसाच यात एक छोटा तरंगता तुकडा असतो. त्याला मिस्त्री लोक फ्लोट म्हणतात. वाटीत पेट्रोल भरत आले की फ्लोट वर उचलला जातो आणि एक टोकदार सुई वाट बंद करते. पेट्रोल कमी झाले की सुई खाली येते आणि वाट उघडते. त्या वाटीतून बारीक छिद्रांवाटे पेट्रोल ओढले जाते, हवेत मिसळते आणि इंजिनात जाते.

या एवढ्याशा पितळी-अॅल्युमिनियमच्या संसारात गळू शकणाऱ्या जागा मुख्यतः तीन. एक, सुई आणि तिची बैठक. दोन, वाटी आणि वरचा भाग यांच्यामधले कागदी पॅकिंग. तीन, पेट्रोल कमी-जास्त करायचे जे दोन स्क्रू बाहेर आलेले असतात, त्यांच्या दांड्याभोवतीची वायसरे. कार्बोरेटरबाहेर चौथी जागा म्हणजे टाकीची नळी मशीनला जिथे खटकन बसते, त्या जोडातल्या रबरी रिंगा. रबरालाही भाजीसारखी मुदत असते. हवेने, उन्हाने, तेलाने त्यातला मऊपणा निघून जातो. दाबून बसलेली रिंग गोलाची चपटी होते आणि मग परत फुगत नाही. साठ वर्षांनी रिंग टिकली नाही म्हणून तिला दोष देण्यात अर्थ नाही.

नाव सांगितले की दुकान बंद

पहिले तीन महिने मी यंत्राचे नाव घेऊन हिंडलो. कारण गिऱ्हाइकाने तसेच विचारायचे असते, अशी रीत आहे. बोटींचे सामान विकणाऱ्या एका दुकानात काउंटरवरच्या मुलाने संगणकात नाव टाकले आणि मान हलवली. दुसऱ्या ठिकाणी नवे मशीन घेण्याचा सल्ला मिळाला. तिसऱ्या दुकानदाराने न पाहताच एक काळी रिंग पुढे केली आणि “बसून जाईल” म्हणाला.

यात दुकानदारांचा दोष थोडा आणि इतिहासाचा जास्त. एव्हिनरूड आणि जॉन्सन या दोन्ही नावांची मालकी १९३०च्या दशकातच एकाच छत्राखाली आली. ती आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन ही कंपनी डिसेंबर २०००मध्ये दिवाळखोरीत गेली. २००१ साली कॅनडाच्या बोंबार्डिए कंपनीने हा इंजिनांचा व्यवसाय घेतला. तिच्यातूनच वेगळ्या झालेल्या बीआरपी कंपनीने मे २०२०मध्ये एव्हिनरूडचे उत्पादनही थांबवले. एकशे अकरा वर्षांचे घराणे संपले. इंग्लंडमध्ये ब्रिटिश सीगल नावाचे असेच एक साधेसुधे, काटक आउटबोर्ड बने. त्याचेही उत्पादन १९९६ साली थांबले. तेव्हा कंपनीचे नाव घेऊन सुटा भाग मागणे म्हणजे, पेढीच उठून गेल्यावर जुनी हुंडी वटवायला जाण्यासारखे होते.

“बसून जाईल” म्हणून मिळालेल्या रिंगची परीक्षा देवगडच्या एका मिस्त्रींनी केली. मासेमारीच्या होड्यांची इंजिने दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली आहेत. त्यांनी रिंगचे माप कागदावर लिहिले, ती पेट्रोल भरलेल्या काचेच्या बाटलीत टाकली आणि झाकण लावून म्हणाले, “आता उद्या या.” दुसऱ्या दिवशी रिंग बोटभर फुगून लिबलिबीत झाली होती. “ही पाण्याच्या नळाची,” मिस्त्री म्हणाले. “दिसायला सगळी रबरं काळीच. पण कुणाला पाणी सोसतं, कुणाला तेल, कुणाला पेट्रोल. माणसासारखंच आहे.”

“नाम छोडो, साइज बोलो”

मुंबईत मशीद बंदर आणि क्रॉफर्ड मार्केट यांच्या बेचक्यात नागदेवी स्ट्रीट आहे. हातगाड्या, हमाल आणि टेम्पो यांतून वाट काढत चालले की दोन्ही बाजूंना बेअरिंगे, पट्टे, पाइप, नटबोल्ट आणि रबरी सामानाची खोपटेवजा दुकाने लागतात. अशाच एका दुकानात मी माझे पाठ केलेले वाक्य सुरू केले, “जॉन्सन कंपनीचं जुनं...” पलीकडच्या वयस्कर गृहस्थांनी हात वर केला. “नाम छोडो साब, साइज बोलो.”

त्या एका वाक्यात सगळ्या शोधाची किल्ली होती. जगातल्या कुठल्याही यंत्राचा कारखाना आपल्या रिंगा सहसा स्वतः बनवत नाही. त्या ठरावीक मापांत निघतात आणि तीच रिंग कुठे विमानात, कुठे दूधाच्या यंत्रात, कुठे मामांच्या समुद्रघोड्यात बसते. आतला व्यास, वळ्याची जाडी आणि रबराची जात या तीन गोष्टी सांगितल्या की यंत्राचे गोत्र विचारायचे कारणच उरत नाही.

माप मात्र जुन्या रिंगचे घ्यायचे नाही, हेही त्या गृहस्थांनीच शिकवले. जुनी रिंग फुगलेली, आक्रसलेली किंवा दबलेली असते. ती खोटे बोलते. माप घ्यायचे ते ती जिथे बसते त्या खाचेचे. धातू खोटे बोलत नाही. शिवाय यंत्र अमेरिकन म्हणजे मापे इंचांची. १.७८ मिलिमीटर असा विचित्र आकडा आला की समजावे, ही इंचातली रिंग. तिथे दोन मिलिमीटरची कोंबली तर जोड घट्ट बसतो खरा, पण रिंग चिरडते. मिस्त्रींनी खाचेचे घेतलेले माप मी वाचून दाखवले. त्यांनी एकेक डबी उघडली, व्हर्निअर लावून पाहिला आणि सहा रिंगा एका कागदी पुडीत बांधून दिल्या. सहांचे मिळून साठ रुपये झाले.

रबराची जात निवडतानाही त्यांनी घाई केली नाही. साध्या पेट्रोल-तेलाला नायट्राइल रबर चालते. नेहमीच्या काळ्या रिंगा बहुधा त्याच्याच. पेट्रोलमध्ये इतर काही मिसळलेले असेल, तर व्हायटन बरे. ही जात ड्यूपाँट कंपनीने १९५७ साली बाजारात आणली. नायट्राइलपेक्षा ती बरीच महाग, पण पेट्रोल आणि अल्कोहोल दोन्ही सोसणारी.

या वळ्याचा जनकही मोठा गमतीचा माणूस. नील्स ख्रिस्तेन्सेन हा डेन्मार्कमधून अमेरिकेत गेलेला यंत्रज्ञ. आज ‘ओ-रिंग’ म्हणतात तिचे पेटंट त्याला १९३९ साली मिळाले, तेव्हा तो सत्तरी ओलांडून गेला होता. आणि या वळ्याचे महत्त्व जगाला कळले ते फार मोठी किंमत देऊन. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले आणि सात अंतराळवीर गेले. थंडीने कडक झालेल्या ओ-रिंगमधून तप्त वायू निसटला होता. चौकशीच्या वेळी शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रबराचा तुकडा शिकंज्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि थंड रबर लगेच उसळून येत नाही, हे सर्वांसमोर दाखवले. छोट्या वस्तूंना छोटे मानणारी माणसे त्या दिवशी गप्प झाली.

लाख, स्पिरिट आणि ऊस

रिंगा मिळाल्या, सुई, तिची बैठक आणि स्क्रूंची वायसरे राहिली. ती नागदेवीत मापाने मिळण्यासारखी नव्हती. इथे मिस्त्रींची दुसरी युक्ती कामी आली. एव्हिनरूड आणि जॉन्सन यांची त्या काळातली मशीने आतून सारखीच असत. वरचे झाकण आणि नाव तेवढे वेगळे. शिवाय तीच सुई कंपनीने वर्षानुवर्षे अनेक लहान मशीनांत वापरली. त्यामुळे कंपनी गेली तरी सिएरासारखे अमेरिकन उत्पादक अशा कार्बोरेटरांची दुरुस्ती-किटे आजही काढतात. मशीनच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर मी अमेरिकेतल्या भाचीला कळवला. ती गणपतीला आली, तेव्हा तिच्या बॅगेत बाकरवडीच्या रिकाम्या डब्यातून ते किट आले. वाटीचे पॅकिंग तेवढे किटमधले वापरावे लागले नाही. मिस्त्रींनी पॅकिंगचा कागद धातूच्या कडेवर ठेवला, हातोडीने हळूहळू ठोकत कडेचा ठसा उमटवला आणि हुबेहूब कापून काढले. त्यांच्या मते किटमधले पुढच्या वेळेसाठी राखून ठेवावे.

पण फ्लोट पाहून मिस्त्री गंभीर झाले. त्या काळातला फ्लोट बुचाच्या लाकडाचा, म्हणजे कॉर्कचा असे. त्याने पेट्रोल पिऊ नये म्हणून त्यावर लाखेचा थर दिलेला. तेव्हा जगातली बरीचशी लाख भारतातूनच जाई. साध्या पेट्रोलमध्ये हा थर वर्षानुवर्षे टिकतो. पण लाख कशात विरघळते, हे कुठल्याही सुताराला विचारा. चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजत घालूनच तो फर्निचरचे पॉलिश करतो. स्पिरिट म्हणजे अल्कोहोल. आणि आपल्या पेट्रोलमध्ये आता तेच मिसळलेले असते.

भारतात पेट्रोलमधल्या इथेनॉलचे प्रमाण २०२२ साली १० टक्क्यांवर पोचले आणि २०२५ साली २० टक्क्यांवर. यातले कितीतरी इथेनॉल आपल्याच उसापासून बनते. साखर कारखान्यांना आणि शेतकऱ्यांना त्याने हात दिला, तेलाची आयात कमी झाली. हे सगळे मोलाचे. पण साठ वर्षांपूर्वीच्या लाखेला हे कोण सांगणार? थर विरघळतो, कॉर्क पेट्रोल पितो, जड होऊन बुडतो, सुई वाट बंद करीत नाही आणि पेट्रोल ठिबकू लागते. मामांच्या मशीनचा रोग असा निघाला: निम्मा म्हातारपणाचा, निम्मा बदललेल्या पेट्रोलचा. उपाय म्हणून मिस्त्रींनी कॉर्क पूर्ण वाळवला, जुनी लाख खरवडली आणि विमानांच्या छोट्या मॉडेलांना लावतात ते इंधनात न विरघळणारे व्हार्निश दोन हात दिले.

इथे ही गोष्ट एकट्या मामांची राहत नाही. तुमच्या इमारतीखाली ताडपत्री घालून ठेवलेली वडिलांची चेतक असेल, येझदी असेल, नाहीतर शेतावरचा जुना पेट्रोलचा पंप असेल. त्यांच्या कार्बोरेटरांतही अशीच वायसरे आहेत आणि ती आजच्या पेट्रोलसाठी बनलेली नाहीत. एप्रिल २०२३नंतरच्या गाड्यांत २० टक्के इथेनॉल सोसणारे भाग असतात. जुन्या काही गाड्यांत मात्र रबरी भाग आणि गॅस्केटे बदलावी लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ साली सांगितले आहे. इथेनॉल हवेतले पाणीही ओढून घेते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ते पाणी कार्बोरेटरच्या तळाशी बसून धातू खाते. म्हणून गाडी लांबणीवर उभी करायची असेल तर कार्बोरेटर रिकामा करावा. रिंग बदलताना “कशाची आहे?” एवढे विचारावे. शंका आली तर मिस्त्रींची बाटलीची परीक्षा आहेच. मात्र ती घराबाहेर, चुलीपासून आणि पोरांपासून दूर करावी. आणि जुनी रिंग फेकून देऊ नये. ती मापाला खोटी असली तरी आकाराची साक्षीदार असते.

पुडीवरचा आकडा

गेल्या मार्गशीर्षात मशीन पिंपात उतरले. चोवीस भाग पेट्रोल, एक भाग ऑइल, हे त्या काळातल्या मशीनचे प्रमाण. चौथ्या ओढीला ते सुरू झाले. मामा खुर्ची ओढून जवळ बसले आणि मशीनकडे न पाहता अर्धा तास कार्बोरेटरच्या बुडाखाली ठेवलेल्या कोऱ्या कागदाकडे पाहत राहिले. कागद कोरडाच राहिला. तेव्हा कुठे ते म्हणाले, “आता खाडीत न्यायला हरकत नाही.” दुसऱ्या दिवशी भरतीला आम्ही त्यांना घेऊन पलीकडच्या काठापर्यंत गेलो आणि आलो.

मला मात्र या सगळ्यात काळजी वाटते ती वेगळीच. नागदेवीतले ते गृहस्थ सत्तरीचे आहेत. मुलगा या धंद्यात नाही. देवगडच्या मिस्त्रींचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. संगणकात नाव टाकून ‘मिळत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. खाचेला व्हर्निअर लावून ‘मिळेल’ म्हणणारे दिवसेंदिवस कमी होत जातील. कारखाने बंद पडले तरी यंत्रे लगेच मरत नाहीत. त्यांची मापे जाणणारा शेवटचा माणूस जातो, तेव्हा ती मरतात.

म्हणून परत निघण्यापूर्वी मी एक काम केले. उरलेल्या चार रिंगा पुडीत बांधून त्यावर शाईने आतला व्यास, जाडी आणि ‘व्हायटन’ एवढेच लिहिले. फ्लोटवर काय लावले आणि पॅकिंगचा कागद किती जाडीचा, तेही खाली लिहिले. ती पुडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मशीनच्या झाकणाच्या आत चिकटवली. मामांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि म्हणाले, “तारीखही घाल. पुढच्याला कळू दे, रबर किती वर्षं चाललं ते.” तीही घातली.